ईएल३४ घातले तर मार्शलसारखो वाजतलो काय?

ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा, गिटार अ‍ॅम्प जिथे आहे तिथे ईएल३४ ही पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी शेवटची ट्यूब) घातली तर तो मार्शलसारखा वाजेल का, हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मग तो अ‍ॅम्प वसईतल्या चर्चच्या बँडचा असो, वेंगुर्ल्याच्या ऑर्केस्ट्राचा असो, नाहीतर रत्नागिरीत कुणा कॉलेजच्या पोराने मुंबईहून सेकंडहँड आणलेला. ६एल६ म्हणजे फेंडरचा मोकळा स्वच्छ आवाज, ईएल३४ म्हणजे मार्शलचा गुरगुरणारा मिड (मधले सूर), ईएल८४ म्हणजे व्हॉक्सची चमक, ६व्ही६ म्हणजे छोट्या फेंडरची गोडी. पॉवर ट्यूबा आणि अ‍ॅम्पच्या कंपन्या यांचं हे समीकरण गिटारवाल्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ट्यूबा मागवायच्या, जुन्या उपसायच्या, नव्या सॉकेटात खुपसायच्या आणि आवाज बदलला म्हणायचं, एवढंच काम उरलंय असं वाटतं. प्रश्नाचं खरं उत्तर असं, की थोडासा वाजेल. पण तो फरक निम्म्याहून अधिक ट्यूबच्या शेजारपाजाऱ्यांमुळे पडतो, आणि शेजार न बघता ट्यूब बदलली तर आवाज राहील बाजूला, ट्रान्सफॉर्मर जळायचा.

मार्शलचंच उदाहरण घेऊ. लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला जेटीएम४५ जुळवला गेला, तेव्हा समोर नमुना म्हणून फेंडरचा बेसमन होता, ५एफ६-ए हे सर्किट. पॉवर ट्यूब होती ५८८१, म्हणजे ६एल६च्याच घराण्यातली, आणि बेसमनमध्येही तीच. सर्किट जवळजवळ सारखं, पॉवर ट्यूब सारखी, तरी दोन्ही अ‍ॅम्प वेगळे वाजत. का? बेसमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती, इथे जास्त गेनची (सिग्नल जास्त वाढवणारी) ईसीसी८३ आली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर इंग्लिश आला आणि निगेटिव्ह फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देण्याचा, हिशोब बदलला. मागून उघड्या कॅबिनेटमधल्या चार १० इंची जेन्सन स्पीकरांऐवजी बंद पेटीत चार १२ इंची सेलेशन बसले. ज्याला आपण मार्शलचा आवाज म्हणतो त्याचा पाया घातला गेला तेव्हा ईएल३४ त्या अ‍ॅम्पमध्ये नव्हतीच. मध्ये केटी६६ येऊन गेली, ईएल३४ स्थिरावली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात.

उलटा दाखलाही आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच मार्शलमध्ये टिकाऊपणासाठी ईएल३४ऐवजी ६५५० असत. ते अ‍ॅम्प फेंडर झाले नाहीत. खर्ज जरा आखडला, फाटायला (आवाज विकृत व्हायला) जरा उशीर लागला, पण डोळे मिटून ऐकणारा त्याला मार्शलच म्हणेल.

मग ट्यूबच्या पदरात नेमकं काय उरतं? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ग्रिडवर, म्हणजे सिग्नल येतो त्या जाळीवर, एक व्होल्ट हलला की प्लेटचा, म्हणजे ट्यूबच्या आउटपुटच्या टोकाचा, प्रवाह किती मिलिअ‍ॅम्पिअरने हलतो, हा आकडा प्रत्येक ट्यूबचा वेगळा असतो. डेटाशीटमध्ये ६व्ही६चा सुमारे ४ आहे, ६एल६जीसीचा ६, ईएल३४ आणि ईएल८४ या दोघींचा ११च्या आसपास. म्हणजे ईएल३४ला जागं करायला ६एल६पेक्षा कमी सिग्नल पुरतो. ६एल६ साधारण ४५ ते ५० व्होल्ट निगेटिव्ह बायसवर (ग्रिडला कायम दिलेल्या व्होल्टेजवर) बसलेली असते, तेवढा झोका फेज इन्व्हर्टरने (पॉवर ट्यूबांना सिग्नल पुरवणाऱ्या पायरीने) दिला तर ती पूर्ण उघडते. ईएल३४चा बायस ३५ ते ४०, आणि ईएल८४ तर ८-१० व्होल्टांतच शेवटाला पोचते. त्याच प्रीअ‍ॅम्पपुढे (सिग्नल वाढवणाऱ्या सुरुवातीच्या पायऱ्यांपुढे) ईएल८४ लवकर फाटते, ६एल६ उशिरा. कानाला हे ‘ट्यूबचं कॅरेक्टर’ वाटतं. खरं तर व्हॉल्यूमच्या नॉबवरची फाटण्याची जागा सरकलेली असते.

दुसरा फरक फाटण्याच्या पद्धतीत. रचनेने ६एल६, ६व्ही६, केटी८८ या बीम टेट्रोड, ईएल३४ आणि ईएल८४ खऱ्या पेंटोड. प्लेटचा व्होल्टेज खाली येत येत स्क्रीनच्याही (ग्रिड आणि प्लेट यांच्या मधल्या दुसऱ्या जाळीच्याही) खाली घसरला की स्क्रीन प्रवाह पळवायला लागते, आणि ते वळण कुणाचं तीक्ष्ण असतं, कुणाचं सैल. ईएल३४चं वळण सैल, म्हणून ती हळूहळू चिरडत जाते आणि गिटारचा मिड पुढे आल्यासारखा वाटतो. ६एल६ बराच वेळ सरळ राहते आणि मग पटकन कापते. पण हे सगळं पॉवर ट्यूबा ढकलल्या गेल्या तरच. घरात, शेजारी झोपलेले असताना, मास्टर व्हॉल्यूम दोनवर ठेवून ५० वॉटचा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याला ईएल३४ आणि ६एल६ यांतला फरक ओळखता येणं कठीण. तो जे ऐकतो ते प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकर. पॉवर ट्यूबवर खर्च करण्याआधी त्याने स्पीकर बदलावा, पैसे वसूल होतील.

स्पीकरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण मुद्द्याची गोम इथे आहे. ८ ओहमचा गिटार स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो. खर्जात, त्याच्या स्वतःच्या रेझोनन्सपाशी, तो कितीतरी पट चढतो आणि वरच्या सुरांतही चढत जातो. पेंटोड आणि बीम टेट्रोड यांची स्वतःची आउटपुट इम्पीडन्स (अंतर्गत अडथळा) मोठी, त्यामुळे स्पीकर जिथे चढतो तिथे आवाजही चढतो: खर्ज फुगतो, वरची पट्टी लखलखते. निगेटिव्ह फीडबॅक हा फुगवटा दाबतो. फेंडर ट्विनमध्ये तो आहे, मार्शलमध्ये आहे आणि प्रेझेन्सचा नॉब त्याच्याशीच खेळतो. व्हॉक्स एसी३०मध्ये तो मुळातच नाही. म्हणून एसी३०ची जी चमक ईएल८४च्या नावावर जमा होते, तिच्यातला मोठा वाटा फीडबॅक नसण्याचा आहे. मार्शलचा फीडबॅक रेझिस्टर ४७ किलोओहमचा असेल तर तो एका स्विचवर घेऊन १०० किलोओहमवर नेऊन बघा. तो काही रुपयांचा रेझिस्टर ट्यूबच्या नव्या जोडीपेक्षा जास्त फरक दाखवतो.

ईएल८४ कोकणाला नवी नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत शेवटच्या पायरीला तीच असायची, आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ती बनवलीही. माळ्यावर पडलेल्या रेडिओत अशी एखादी सापडली तर फेकू नका, काचेवरची छपाई पुसली जाऊ न देता जपून ठेवा. गिटार अ‍ॅम्पमध्ये मात्र ईएल८४ची फरफट होते. तिची प्लेट १२ वॉटची. एसी३०मध्ये चार ट्यूबांना मिळून कॅथोडला (प्रवाह जिथून निघतो त्या टोकाला) एकच रेझिस्टर असतो, ५० ओहमचा. त्यावर १० व्होल्ट मिळाले तर एकूण २०० मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे दर ट्यूबला ५०. त्यातले ५ स्क्रीनचे धरून वजा केले आणि प्लेट-कॅथोडमध्ये ३२० व्होल्ट असले, तर गुणाकार १४ वॉटच्या वर जातो. काहीही न वाजवता. एसी३० ट्यूबा खातो म्हणतात ते यामुळे. तो ‘क्लास ए’, म्हणजे ट्यूबा कधीच बंद न होणारा, आहे हेही तितकंसं खरं नाही. तो कॅथोड बायसचा (बायस त्या कॅथोडच्या रेझिस्टरवरच मिळणारा) एबी आहे, जोरात वाजवलं की ट्यूबा आलटून पालटून बंद होतात, जाहिरातीत ए बरा दिसतो इतकंच.

आता प्रत्यक्ष अदलाबदल. ६व्ही६, ६एल६, ईएल३४, ६५५० या सगळ्या आठ पायांच्या, एकाच सॉकेटात बसतात, आणि घात होतो तो इथेच. २ आणि ७ हीटर (ट्यूब तापवणारी तार), ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड, इथवर सगळ्यांचं जमतं. पण ईएल३४च्या १ नंबरच्या पायावर सप्रेसर ग्रिड (तिसरी जाळी) आहे, तिला ८शी जोडलेलं असावं लागतं. ६एल६ला १ लागत नाही, म्हणून ब्लॅकफेस काळातल्या (साठच्या दशकातल्या, काळ्या पॅनेलच्या) फेंडरमध्ये त्या रिकाम्या पायाचा टेकू करून १.५ किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर १ आणि ५च्या मध्ये लावलेला असतो. तिथे ईएल३४ खुपसली की सप्रेसरवर थेट सिग्नल आणि ५० व्होल्ट निगेटिव्ह. आधी येणारी वायर आणि तो रेझिस्टर १वरून सोडवा, रेझिस्टर सरळ ५ला आणा, उघड्या टोकावर स्लीव्ह चढवा, मग १ आणि ८ जाड तारेने जोडा. सॉकेटच्या आतल्या बाजूला ५ नंबरचा टॅग शोधताना खाच कुठे आहे ते बघून खालून मोजायचं, घड्याळाच्या दिशेने. वरून मोजलं की सगळं उलटं.

मग हीटर. ६व्ही६ ०.४५ अ‍ॅम्पिअर घेते, ६एल६ ०.९, ईएल३४ १.५ आणि केटी८८ किंवा ६५५० १.६. चार ६एल६च्या ट्विनमध्ये चार ईएल३४ घातल्या तर ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर २.४ अ‍ॅम्पिअर जास्तीचे पडले. काही ट्रान्सफॉर्मर ते झेपवतात, काही तापून वास मारायला लागतात. अर्धा तास चालवून हीटरवर मल्टिमीटर लावा. ६ व्होल्टच्या खाली येत असेल किंवा ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नसेल, तर विचार सोडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरही बघावा लागतो: ईएल३४ची जोडी ३.४ किलोओहमच्या आसपास खूश असते, ६एल६ची ४ ते ६, ६व्ही६ची ६.६ ते ८, ईएल८४ची ८.

बायसशिवाय यातलं काहीच पुरं होत नाही. नेमकं कुणीकडे चुकतं तेही कळलं पाहिजे. फेंडरच्या ५० व्होल्ट बायसवर ईएल३४ टाकली तर ती थंड पडते, हळू वाजवलेला सूर विझताना करकरतो. मार्शलच्या ३८ व्होल्टवर ६एल६ टाकली तर ती तापते, आणि प्लेट लाल होऊ शकते. म्हणजे उलटसुलट दोन्ही अदलाबदलींत आवाजाबद्दल मत बनवण्याआधी बायस लावायला हवा. इंटरनेटवरची निम्मी ‘तुलना’ ही थंड ईएल३४ आणि गरम ६एल६ यांची असते.

पद्धत सोपी आहे. दर सॉकेटच्या ८ नंबरपासून ग्राउंडच्या मध्ये १ ओहम, १ टक्का, १ वॉटचा रेझिस्टर लावा. त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअ‍ॅम्पिअर. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्य, पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. ३ नंबरवर प्लेटचा व्होल्टेज मोजा. समजा ४५० आला. ६एल६जीसी ३० वॉटची, तिचे ७० टक्के २१ वॉट, भागिले ४५० म्हणजे ४६ मिलिअ‍ॅम्पिअर. ईएल३४ २५ वॉटची, १७.५ भागिले ४५० म्हणजे ३८. ही वरची मर्यादा समजा, ते गाठायचं लक्ष्य नव्हे. मोजलेल्या आकड्यात स्क्रीनचा थोडा प्रवाहही असतो, त्यामुळे नेमकं मोजणाऱ्याला किंचित सवलत मिळते. जोडीतल्या दोन ट्यूबांमध्ये ४-५ मिलिअ‍ॅम्पिअरचा फरक असला तर बिघडत नाही. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला हा ७० टक्क्यांचा नियम लागू नाही, ते मुळातच मर्यादेला टेकून चालतात.

हे करताना चप्पल घाला. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी बसून ४५० व्होल्टच्या पेटीत हात घालणं हा शूरपणा नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले असतात. ५ वॉटचा एखादा १० किलोओहमचा रेझिस्टर क्लिपने ग्राउंडला लावून ते रिकामे करा, मीटरवर शून्य दिसलं की मगच बोट जाऊ द्या.

कोकणात या हिशोबाला आणखी एक गिऱ्हाईक आहे, लाइनचा व्होल्टेज. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात, संध्याकाळी पंप आणि मिक्सर चालू असताना २३०चे १९० होतात, आणि मध्यरात्रीनंतर २५०. १९०ला ६.३चा हीटर ५.२ होतो आणि ४५०ची प्लेट ३७०वर येते. २५०ला हीटर ६.८ आणि प्लेट ४९०. हीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १९० नक्कीच नाही. हीटर थंड असताना आवाज मलूल आणि लुसलुशीत येतो. एखाद्याला तो आवडतोही आणि श्रेय नव्या ट्यूबला मिळतं. अ‍ॅम्पच्या मागे लाइन व्होल्टेजचा २२०चा टॅप निवडलेला असेल तर २५०ला हीटर ७.१वर जातो, ट्यूबचं आयुष्य तिथेच सरतं. २४०चा टॅप असेल तर तोच ठेवा. बायस लावल्याच्या चिठ्ठीवर त्या वेळचा लाइन व्होल्टेजही लिहा, नाहीतर संध्याकाळी १९५वर गरम लावलेला बायस रात्री दोनला लाल होतो. सर्व्हो स्टॅबिलायझर चांगला. रिलेवाला खटखट उड्या मारतो, त्याची ती उडी अ‍ॅम्पमधून ऐकू येते.

यात एक उपकथा रेक्टिफायरची, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागाची. ट्यूब रेक्टिफायर असेल तर जोराचा कॉर्ड मारला की सप्लाय दबतो आणि सूर विझताना पुन्हा वर येतो. पेटीचा भाता जरा कमी पडावा आणि मग भरावा, तसं. जीझेड३४ कमी दबते, ५यू४जीबी जास्त. दोन्ही एकाच सॉकेटात बसतात, पण ५यू४ हीटरला ३ अ‍ॅम्पिअर मागते आणि जीझेड३४ १.९. दाब हवा असेल तर पॉवर ट्यूबऐवजी इथे बघा, मात्र वाइंडिंगला झेपतंय का आधी तपासा.

खारा वारा आणि चार महिन्यांची ओल आपलं काम वेगळंच करतात. सॉकेटचे क्लिप काळे पडून सैल होतात, ट्यूब हलवली की खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ट्यूब दोन-चारदा आतबाहेर करा, क्लिप बारीक सुईने आवळा, अर्थात कपॅसिटर रिकामे करूनच. तपकिरी बेकेलाइट सॉकेटवर ३ आणि २च्या मध्ये काळी रेघ दिसली तर ती पेनाने ओढल्यासारखी बारीक असते, खरवडून जात नाही. ठिणगीने तिथे कोळसा झालेला असतो. सॉकेट बदला, सिरॅमिक घाला. स्पीकरची वायर न लावता अ‍ॅम्प वाजवला की अशी ठिणगी पडू शकते, दमट हवेत तर लवकर. जुन्या फेंडरचा काळा फायबर बोर्डही ओल धरतो. मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल टोक बोर्डच्या नुसत्या पृष्ठभागावर, आयलेटजवळ टेकवा. तिथे काही व्होल्ट दिसत असतील तर बोर्ड गळतोय. हेअर ड्रायरने सावकाश सुकवून बघा.

एक तपासणी नव्या ट्यूबा बसवण्याआधी चुकवू नका. पॉवर ट्यूबा काढून अ‍ॅम्प चालू करा आणि दर सॉकेटच्या ५ नंबरवर व्होल्टेज मोजा. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळा निगेटिव्ह व्होल्टेज देणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये सगळीकडे सारखाच निगेटिव्ह आकडा यायला हवा. एका बाजूला ४८ आणि दुसऱ्या बाजूला ३६ आला, तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या पायरीचा सिग्नल पुढे देणारा) गळतोय. नवी ट्यूब तिथे लाल होणार आणि दोष मात्र ट्यूब विकणाऱ्याला मिळणार.

ट्यूबच्या खोक्यावरच्या नावाला फार भाळू नका. आज नव्या ट्यूबा मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. टंग-सोल, मुलार्ड, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावं वेगवेगळी दिसली तरी रशियातल्या सारातोवच्या एकाच कारखान्यातून येतात. नव्या मुलार्डचा जुन्या इंग्लिश मुलार्डशी संबंध नावापुरता. घाटातून एसटीच्या टपावर खोका आला असेल तर आधी मधली प्लॅस्टिकची खुंटी बघा. तिची कड तुटलेली असेल तर आठ पायांची ट्यूब भलत्याच कोनात बसू शकते. आतल्या बाजूला काचेवरचा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ती ट्यूब गेली. काचेलगतची निळी झाक मात्र निरुपद्रवी असते.

इथल्या हॉलना, मांडवांना आणि घरांना ६व्ही६ची जोडी किंवा ईएल८४ची जोडी पुरते असं माझं स्पष्ट मत आहे. २२ वॉटवरून ४५ वॉटवर गेलात तर हातात ३ डेसिबल पडतात, म्हणजे जाणवेल इतकाच फरक. उलट लहान अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूबा खरोखर ढकलता येतात, आणि ट्यूबची निवड ऐकू येते ती तेव्हाच. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बसारख्या सर्किटमध्ये प्लेट ४१५ व्होल्टपर्यंत जाते, तिथे जेजे कंपनीची ६व्ही६एस टिकते. नाजूक जुनी ६व्ही६ तिथे घालू नये. ज्यांना ईएल३४च हवी, त्यांनी ईएल३४साठी बनलेलाच अ‍ॅम्प घ्यावा.

आणि हम (घूंघूं आवाज) येतो म्हणून प्लगची अर्थची पिन कापू नका. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरून त्यात पाणी ओता, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. ५० वॉटच्या मार्शलमध्ये एचटीचा (उच्च व्होल्टेजच्या सप्लायचा) फ्यूज ५०० मिलिअ‍ॅम्पिअरचा असतो, १०० वॉटला १ अ‍ॅम्पिअर. तो उडाला आणि ऐन कार्यक्रमात दुसरा नसला, तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची नाही. दोन-चार फ्यूज आणि जुनी, पण चालू असलेली पॉवर ट्यूबांची जोडी, सिलिका जेलच्या पुडीसकट, अ‍ॅम्पच्या मागच्या पॅनेलमध्ये कायमची ठेवून द्या.